खेळण्यातले पिस्तूल आणि बेवारस बॅग : भारतातील विमानतळ-तपासणीचा इतिहास

विमानप्रवाशाच्या सामानाबद्दलचे सुरुवातीचे नियम वजनाचे होते, सुरक्षेचे नव्हते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर टपाल आणले, ते 'पस मॉथ' जातीच्या एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून. अशा विमानांत टपालाच्या थैल्या हेच खरे उतारू असत. माणसाला जागा मिळालीच तर ती थैल्यांच्या सोबतीने. त्या काळात पेटीबरोबर प्रवाशालाही काट्यावर उभे करण्याची पद्धत होती. पेटीत काय आहे हे पाहणे जकात अधिकाऱ्याचे काम होते आणि त्याला रस असे तो सोने, घड्याळे आणि दारू यांत. हत्यारासाठी पेटी उघडायची असते ही कल्पनाच नव्हती. पोचवायला आलेले नातलग विमानाच्या बरेच जवळपर्यंत जात आणि शिडी हलवेपर्यंत गप्पा मारीत.

भारतीय विमानात बॉम्ब ठेवला गेला तो १९५५ मध्ये, आणि तो कोणा प्रवाशाच्या बॅगेतून आला नव्हता. एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान ११ एप्रिल रोजी हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले होते. त्यात बांडुंग परिषदेला जाणारे चिनी प्रतिनिधी आणि पत्रकार होते. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय हेही याच विमानाने जाणार असा समज होता, पण ते त्यात नव्हते. सुमारे पाच तासांनी उजव्या बाजूच्या चाकांच्या कप्प्यात स्फोट झाला. कप्तान दामोदर जटार यांनी पेटलेले विमान समुद्रावर उतरवण्याचा प्रयत्न केला. १९ पैकी १६ जण मरण पावले. वाचलेल्या तिघांत देखभाल अभियंते अनंत कर्णिक होते. त्यांनी पुढे या अपघातावर पुस्तक लिहिले. हाँगकाँगच्या चौकशीत संशय गेला तो विमानाची निगा राखणाऱ्या कंपनीच्या एका कामगारावर. तोवर तो तैवानला पळून गेला होता. धावपट्टीवर कामाला येणाऱ्या माणसाची झडती प्रवाशाइतकीच कसून घ्यावी, ही गोष्ट या घटनेतून तेव्हाच उमगायला हवी होती. ती नियमात यायला कित्येक वर्षे लागली.

साठीच्या दशकात विमान पळवणे हा जगभर राजकारणाचा आणि खंडणीचा मार्ग झाला. १९६३ चा टोकियो करार, १९७० चा हेगचा आणि १९७१ चा माँट्रियलचा करार हे त्याचे कागदी उत्तर होते. प्रत्यक्ष उत्तर अमेरिकेने ५ जानेवारी १९७३ पासून दिले. त्या दिवसापासून तिथे प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९७४ मध्ये आपल्या मूळ कराराला सतरावी पुरवणी जोडली. केवळ सुरक्षेला वाहिलेली ही पुरवणी आजही सदस्य देशांच्या नियमांचा पाया आहे.

भारताला धक्का बसला तो अमेरिकेच्या या सक्तीच्या दोन वर्षे आधी. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे फोकर विमान हाशिम कुरेशी आणि अशरफ कुरेशी या दोन तरुणांनी लाहोरला नेले. प्रवासी सुटून परतले, विमान मात्र फेब्रुवारीच्या सुरुवातीला जाळून टाकण्यात आले. भारताने त्याच आठवड्यात पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून उडायला बंदी केली. त्यामुळे पश्चिमेकडून पूर्व पाकिस्तानात जाणाऱ्या विमानांना श्रीलंकेचा वळसा घ्यावा लागला. बांगलादेश युद्धाच्या वर्षात या वळशाचे महत्त्व मोठे ठरले. एवढे सगळे ज्या शस्त्रांमुळे घडले, त्यांतले पिस्तूल खेळण्यातले होते आणि हातबॉम्ब लाकडाचा.

हे पिस्तूल पुढेही अनेकदा भेटते. २० डिसेंबर १९७८ रोजी लखनौहून दिल्लीला जाणारे विमान भोलानाथ पांडे आणि देवेंद्र पांडे यांनी वाराणसीला उतरवले. अटकेतल्या इंदिरा गांधींना सोडा, ही त्यांची मागणी होती. त्यांच्या हातात खेळण्यातली पिस्तुले होती, आणि हातबॉम्ब म्हणून दाखवली जाणारी वस्तू क्रिकेटचा चेंडू निघाली. पुढे काँग्रेसने दोघांना उमेदवारी दिली आणि ते उत्तर प्रदेशच्या विधानसभेत निवडून आले. आज विमानतळावर लहान मुलाच्या हातातली प्लॅस्टिकची बंदूक काढून घेतली, की आईबाप सुरक्षारक्षकाला हसतात. रक्षकाच्या मागे उभा असलेला हा इतिहास त्यांना ठाऊक नसतो. वैमानिकाच्या पाठीमागे उभा राहून कोणी पिस्तूल रोखले, तर ते खरे की खोटे हे तपासायची सवड त्याला नसते.

मधल्या काळात, १० सप्टेंबर १९७६ रोजी, दिल्लीहून मुंबईला निघालेले बोइंग ७३७ सहा जणांनी लाहोरला पळवले. प्रवासी सुखरूप परतले. या घटनेनंतर पांडे समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात एक छोटा कक्ष सुरू झाला. आजच्या नागरी विमान सुरक्षा ब्युरोचा, म्हणजे 'बीसीएएस'चा, उगम तो. कक्षाचे काम देखरेखीचे आणि प्रशिक्षणाचे होते. दारावर उभे राहून झडती घेत ते राज्याचे पोलीस. आज चोरी, उद्या मोर्चाचा बंदोबस्त आणि परवा विमानतळ, अशी ज्यांची बदली होई, त्यांच्याकडून या कामात मुरण्याची अपेक्षा करणे फारसे न्याय्य नव्हते.

१९८१ मध्ये दोन अगदी वेगळ्या घटना घडल्या. २९ सप्टेंबरला दल खालसाच्या माणसांनी दिल्ली–श्रीनगर विमान लाहोरला नेले, तेव्हा त्यांच्या हातात कृपाणे होती. धर्मचिन्ह आणि हत्यार यांची सीमा कुठे आखायची, हा प्रश्न तेव्हापासून नियम करणाऱ्यांच्या मागे लागला. त्यावर निघालेला तोडगा मोजपट्टीचा आहे. देशांतर्गत उड्डाणात शीख प्रवाशाला कृपाण बाळगता येते, मात्र त्याची एकूण लांबी २२.८६ सेंटिमीटरपेक्षा आणि पात्याची १५.२४ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. नऊ इंच आणि सहा इंच यांचे हे दशांशापर्यंत केलेले रूपांतर सरकारी कागदाचा अस्सल नमुना आहे.

दुसरी घटना २५ नोव्हेंबरची, हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरची. माइक होअर नावाच्या भाडोत्री सैनिकाची टोळी सत्तापालट करण्यासाठी तिथे उतरली. सोंग होते बिअर पिणाऱ्या मंडळींच्या सहलीचे, आणि बॅगांत वर होती अनाथ मुलांसाठी खेळणी. तळाच्या चोरकप्प्यात रायफली होत्या. एका जकात अधिकाऱ्याने एक बॅग नीट तपासली, रायफल सापडली आणि विमानतळावरच गोळीबार सुरू झाला. नेमके तेव्हाच मुंबईकडे निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७०७ तिथे उतरले. टोळीने ते बळकावून दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानला नेले. एक बॅग उघडल्यामुळे बंड फसले आणि त्याच बॅगेमुळे मुंबईचे प्रवासी भलत्याच देशात पोचले. १९८२ मध्ये भारताने अपहरणविरोधी कायदा केला आणि अपहरणकर्त्याला जन्मठेप ठरली.

तोवरचे सारे उपाय एका गृहीतावर उभे होते. शत्रू विमानात बसलेला असतो आणि त्याला जिवंत परतायचे असते. म्हणून लक्ष प्रवाशाच्या अंगावर आणि हातातल्या पिशवीवर. विमानाच्या पोटातल्या सामानाची कोणाला फारशी काळजी नव्हती.

हे गृहीत भारतात पहिल्यांदा मोडले ते मद्रासला. २ ऑगस्ट १९८४ च्या रात्री मीनंबाक्कम विमानतळावर एअर लंकेच्या प्रवाशाने दोन बॅगा दिल्या आणि तो विमानात चढलाच नाही. बॅगा मागे राहिल्या, विमान वाचले. पण बॅगा होत्या विमानतळाच्या इमारतीत. तिथे झालेल्या स्फोटात ३३ माणसे ठार झाली. बेवारस बॅग विमानातून उतरवली की काम संपत नाही, ती कुठे न्यायची हेही ठरवावे लागते, हे या रात्रीने दाखवले. विमानतळांवर आज बॉम्बशोधक पथकासाठी दूरवर मोकळी जागा राखून ठेवतात, ती याच कारणासाठी.

दहा महिन्यांनी तीच गोष्ट कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडली. २२ जून १९८५ रोजी कॅनडातल्या व्हँकुव्हर विमानतळावर 'एम. सिंग' या नावाने तिकीट काढलेला एक माणूस टोरोंटोच्या विमानासाठी आला. टोरोंटोहून पुढे एअर इंडियाने भारतात जाण्याचे त्याचे आरक्षण पक्के नव्हते. ते प्रतीक्षायादीत होते. तरी आपली बॅग थेट एअर इंडियाच्या विमानात चढवावी असा हट्ट त्याने धरला. खिडकीवरील कर्मचारी स्त्रीने आधी नकार दिला. मागे रांग वाढत होती आणि माणूस वाद घालत होता. अखेर तिने बॅगेला टॅग लावला. बॅग टोरोंटोला गेली, माणूस गेला नाही. त्याच विमानतळावर दुसरी एक बॅग टोकियोच्या विमानात अशीच मालकाविना चढली.

टोरोंटोला एअर इंडियाचे 'सम्राट कनिष्क' हे जंबो विमान उभे होते. धोक्याचे इशारे आलेले असल्यामुळे पोटातल्या सामानाचीही क्ष-किरण तपासणी चालू होती. मध्येच यंत्र बंद पडले. उरलेल्या बॅगांवरून स्फोटके हुंगणारे हातातले उपकरण फिरवले गेले. ते कुठेतरी क्षीण आवाज करत होते, पण त्या आवाजाचा अर्थ काय हे कोणाला नीट सांगितलेलेच नव्हते. विमान आधीच उशिरा निघाले, कारण दुरुस्तीसाठी भारतात न्यायचे एक जादा इंजिन पंखाखाली बसवायचे होते. माँट्रियलला तीन संशयास्पद सुटकेस बाजूला काढल्या गेल्या. त्यांत बॉम्ब नव्हता. हुंगणारा कुत्रा पोचला तेव्हा विमान उडून गेले होते.

२३ जूनच्या सकाळी ३१,००० फुटांवर, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ पोचताना, पुढच्या मालकक्षात स्फोट झाला. विमानातले सर्व ३२९ जण गेले. त्यांतले बहुतेक भारतीय वंशाचे कॅनडाचे नागरिक होते. शाळेच्या सुट्टीत दिल्ली-मुंबईकडे आजी-आजोबांना भेटायला निघालेली ऐंशीहून अधिक मुले त्यांत होती. १३१ मृतदेह सापडले. सुमारे ५५ मिनिटे आधी टोकियोच्या नारिता विमानतळावर दुसरी बॅग फुटली होती आणि तिने सामान हलवणाऱ्या दोन जपानी कामगारांचा जीव घेतला होता. ती बँकॉककडे निघणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात जायची होती.

न्यायमूर्ती कृपाल यांच्या चौकशीने १९८६ मध्ये बॉम्बस्फोटाचा निष्कर्ष दिला. कॅनडाच्या न्यायमूर्ती मेजर आयोगाचा अहवाल यायला २०१० साल उजाडले. त्याने कॅनडाच्या पोलीस आणि गुप्तहेर यंत्रणेच्या चुकांची लांबलचक मालिका मांडली. त्यातली सर्वांत साधी चूक अशी, की टोरोंटोत विमानात बसलेली माणसे आणि विमानात चढलेल्या बॅगा यांचा मेळ कोणी घातला नाही. त्यासाठी यंत्र लागत नव्हते, कुत्रा लागत नव्हता. कागद आणि पेन पुरले असते.

हा मेळ घालणे हाच पुढच्या दशकाचा मुख्य नियम झाला. तरी २१ डिसेंबर १९८८ रोजी माल्टाहून मालकाविना आलेल्या सुटकेसने स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर पॅन अॅमचे विमान पाडले आणि २७० जणांचा बळी घेतला, तेव्हा जगाला तो धडा दुसऱ्यांदा गिरवावा लागला. भारतात कनिष्कच्या परिणामी 'बीसीएएस' १ एप्रिल १९८७ पासून स्वतंत्र विभाग बनला. त्या काळातल्या भारतीय प्रवाशांना एक दृश्य चांगले आठवते. बस विमानापाशी थांबे आणि धावपट्टीच्या कडेला उन्हात सगळ्यांच्या बॅगा ओळीने मांडलेल्या असत. प्रत्येकाने आपल्या बॅगेवर बोट ठेवायचे, हमालाने खडूने खूण करायची किंवा टॅगचा तुकडा फाडायचा आणि मग ती ढकलगाडीवर चढायची. ओळीत जी उरेल ती तिथेच राही. एकसारख्या काळ्या सुटकेसांच्या गर्दीत आपली ओळखू यावी म्हणून मुठीला लाल रिबीन किंवा जुन्या साडीची किनार बांधण्याची पद्धत या ओळखपरेडीत फार कामी येई. पुढे सामानाच्या सरकत्या पट्ट्यावरच क्ष-किरण यंत्रे बसली आणि बारकोडने माणूस व बॅग यांची जोडी संगणकावर लागू लागली, तशी ही परेड बंद झाली.

दरम्यान ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन अॅमचे विमान कराचीत बळकावले गेले. हल्लेखोर विमानतळाच्या सुरक्षारक्षकांच्या वेशात गाडीने आले होते. मुंबईत वाढलेल्या हवाईसुंदरी नीरजा भनोत या घटनेत प्रवाशांना वाचवताना मृत्युमुखी पडल्या. एप्रिल १९९३ मध्ये श्रीनगरच्या विमानात एकाने पायाला प्लास्टर घातल्याचे सोंग करून पिस्तूल नेले. अमृतसरला राष्ट्रीय सुरक्षा रक्षकांनी काही मिनिटांत त्याला संपवले. या यशामुळे थोडी सुस्ती आली असावी, कारण सहा वर्षांनी तोच अमृतसर विमानतळ नाचक्कीचे कारण ठरला.

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले आयसी-८१४ पाच जणांनी ताब्यात घेतले. इंधनासाठी ते अमृतसरला उतरले आणि कोणी काही करण्याआधी उडून गेले. लाहोर, दुबई आणि मग कंदाहार. एका नवविवाहित प्रवाशाचा खून झाला. ३१ डिसेंबरला मसूद अझहरसह तीन दहशतवादी सोडून प्रवासी परत आणावे लागले.

आज भारतीय प्रवाशाला जी तपासणी ओळखीची आहे, तिचा बराचसा भाग या आठ दिवसांतून आला. ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूर विमानतळाची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे 'सीआयएसएफ'कडे गेली आणि पाठोपाठ मुंबई-दिल्लीसह बहुतेक मोठे विमानतळ राज्य पोलिसांकडून या दलाकडे आले. कारखान्यांच्या राखणीसाठी उभारलेले दल विमानतळाचा चेहरा झाले. संवेदनशील ठिकाणी विमानाच्या शिडीपाशी दुसरी झडती सुरू झाली. इमारतीच्या दारातच तिकीट आणि ओळखपत्र पाहण्याची भारतीय पद्धतही याच काळात पक्की झाली. परदेशी प्रवाशाला तिचे नवल वाटते, आणि निरोप द्यायला आलेल्या गावाकडच्या गोतावळ्याला दाराबाहेर थांबावे लागते.

त्याच साली निघालेल्या परिपत्रकाने हातातली बॅग एकच असावी असे ठरवले. सूट दिलेल्या वस्तूंची यादी मात्र एखाद्या जुन्या बोटीच्या प्रवासातली वाटते. बायकांची पर्स, ओव्हरकोट, घोंगडी, कॅमेरा किंवा दुर्बीण, बेताचे वाचनसाहित्य, छत्री किंवा हातातली काठी, तान्ह्या बाळाचे खाणे आणि त्याला ठेवायची टोपली. लॅपटॉप तेवढा नव्या काळाचा. या एका बॅगेला कागदी टॅग बांधायचा, क्ष-किरण यंत्रातून आली की त्यावर शिक्का मारायचा आणि शिडीपाशी तो दाखवायचा. शिक्का नसेल तर परत जाऊन सगळी रांग पुन्हा. या टॅगने अनेकांना विमान चुकवायला लावले.

झडतीतून कोणाला सूट, याचीही यादी होती आणि ती विमानतळावर फलकावर लावलेली असे. राष्ट्रपतींपासून दलाई लामांपर्यंत नावे त्यात होती. एप्रिल २००९ मध्ये दिल्लीत अमेरिकेच्या कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सने माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची विमानाच्या तोंडाशी झडती घेतली. बातमी फुटल्यावर संसदेत गदारोळ झाला आणि कंपनीने माफी मागितली. कलाम यांनी स्वतः तक्रार केली नव्हती.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याने उरलेले गृहीतही मोडले. हल्लेखोराला जिवंत परतायचेच नव्हते. अमेरिकेत तेव्हा चार इंचांपर्यंतचे पाते विमानात नेता येत होते. त्यानंतर नेलकटर आणि कात्र्या टोपलीत पडू लागल्या आणि वैमानिक कक्षाचे दार पोलादी झाले. या सर्व उपायांत त्या दाराचा उपयोग बहुधा सर्वांत जास्त आणि त्याची चर्चा सर्वांत कमी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एकाने बुटात स्फोटक आणले. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटनमध्ये शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटके नेण्याचा कट उघड झाला. तिथे काही दिवस हातात जवळजवळ काहीच नेऊ देत नव्हते. मग १०० मिलिलिटरच्या बाटल्या आणि त्या मावतील अशी एक लिटरची पारदर्शक पिशवी, हा तोडगा निघाला. भारतात हा नियम मुख्यतः आंतरराष्ट्रीय उड्डाणांना जाचक ठरला. अमेरिकेतल्या लेकीसाठी तुपाची बरणी आणि कैरीचे लोणचे हातातल्या पिशवीत घेऊन निघालेल्या पुण्या-मुंबईच्या आयांना ते 'द्रव' आहे हे रांगेत कळले. तेव्हापासून बरण्या प्लॅस्टिकच्या चार थरांत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध, साड्यांच्या घडीत, जाऊ लागल्या.

लिथियम बॅटरीने आधीचे तर्कशास्त्र उलटे केले. सुरी, कात्री, द्रव हे सारे पोटातल्या सामानात चालते, जवळ नको. पॉवर बँक मात्र जवळच हवी, पोटात नको. बॅटरी पेटली तर विमानातले कर्मचारी ती विझवू शकतात. मालकक्षात तिथवर पोचता येत नाही. साधारण १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी विनापरवाना नेता येते, १६० पर्यंतची विमान कंपनीच्या संमतीने.

आगीच्याच भीतीने सुके खोबरेही मनाई असलेल्या वस्तूंच्या यादीत आले. वाळलेल्या खोबऱ्यात तेल असते आणि ते आपोआप तापू शकते, म्हणून मालवाहतुकीत ते ज्वलनशील पदार्थ मानले जाते. शबरीमलैच्या यात्रेकरूंच्या इरुमुडीत, म्हणजे पूजासामानाच्या गाठोड्यात, नारळ असतोच. त्यामुळे ऑक्टोबर २०२४ मध्ये 'बीसीएएस'ने २० जानेवारी २०२५ पर्यंत त्यांना हातातल्या सामानात नारळ नेण्याची खास मुभा दिली, तपासणी करूनच.

या साऱ्याचा खर्च प्रवासी उचलतो. तिकिटातल्या बारीक अक्षरांत विमान सुरक्षा शुल्क असते. एप्रिल २०२१ पासून ते देशांतर्गत प्रवासाला २०० रुपये झाले.

नियम वाढतच जाणार असे वाटत असताना काही मागेही घेतले गेले. १ एप्रिल २०१७ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूरु, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद येथे हातातल्या बॅगेवरचा टॅग आणि शिक्का बंद झाला, नंतर इतरत्रही. कॅमेऱ्यांनी ते काम घेतले होते. २०२२ च्या डिसेंबरात 'डिजियात्रा' सुरू झाली आणि दारात कागद दाखवण्याऐवजी चेहरा दाखवता येऊ लागला. बॅगेचे सर्व बाजूंनी छेदचित्र घेणारी सीटी यंत्रे जिथे बसली, तिथे लॅपटॉप बाहेर काढावा लागत नाही. एडिनबरोसारख्या काही विमानतळांनी याच यंत्रांच्या भरवशावर १०० मिलिलिटरची मर्यादा उठवली. अमेरिकेने २००६ मध्ये सरसकट केलेली बूट काढण्याची सक्ती जुलै २०२५ मध्ये मागे घेतली.